पोटात बाळ आणि दाढेत ठणका? बाळंतपणापर्यंत थांबू नका

आमच्या फोंड्याच्या दवाखान्यात हा सीन ठरलेला. सातवा महिना, गाल सुजून टम्म, रात्रभर झोप नाही, आणि सोबतच्या सासूबाई म्हणतात, "डॉक्टर, बाळंतपण होईपर्यंत चालेल अशी काहीतरी गोळी द्या, दाढेला हात नका लावू." म्हणून हे पत्रक.

गरोदरपणात दात साफ करणं, फिलिंग, रूट कॅनाल, अगदी गरज पडली तर दाढ काढणंसुद्धा करता येतं. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, कारण तोवर उलट्या कमी झालेल्या असतात आणि पोटही एवढं वाढलेलं नसतं की खुर्चीत अर्धा तास पडून राहणं जड जाईल. पण पू झालाय, तोंड सुजलंय, तर महिने मोजत बसायचं नाही, तसंच सोडलेलं इन्फेक्शन जास्त धोक्याचं. दात पांढरे करून घेणं वगैरे मात्र नंतर बघू, त्याची घाई काय!

भीती असते ती इंजेक्शनची आणि एक्स-रेची. बधिर करायला लिग्नोकेन देतो, ते गरोदरपणात चालतं. एक्स-रेचा झोत गालावर असतो, पोटापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही, तरी वरून लेड अ‍ॅप्रन आणि गळ्याला कॉलर घालतोच. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्येच दोन्ही सुरक्षित म्हणून सांगितलंय.

खरा घोळ घरी होतो. दुखलं की फार्मसीतून कुठलीतरी गोळी आणायची. पॅरासिटामॉल ठरलेल्या डोसमध्ये चालतं, पण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनानं नको, विसाव्या आठवड्यानंतर तर नकोच. डॉक्सीसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकनं बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात, त्यामुळे घरात उरलेली जुनी स्ट्रिप काढून घेऊ नका. आणि लवंगेच्या तेलाचा बोळा रात्रभर दाबून ठेवला की हिरडी पांढरी पडून सोलते, मग दाढ राहते बाजूला आणि आधी त्या हिरडीचं बघावं लागतं.

ब्रश करताना रक्त येतं म्हणून ब्रशच सोडतात काहीजणी, ते उलटं. हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात, साचलेला मळ राहिला की आणखी सुजतात. मऊ ब्रश घ्या पण घासा. कधी हिरडीवर लाल गाठ येते, तिला प्रेग्नन्सी ट्यूमर म्हणतात, नाव ऐकून घाबरू नका, कॅन्सर नाही तो, बहुतेक वेळा बाळंतपणानंतर आपोआप बसते, तरी एकदा दाखवून जा.

उलटी झाली की लगेच ब्रश करू नका, पोटातल्या अ‍ॅसिडनं दाताचा वरचा थर मऊ झालेला असतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भरा, ब्रश अर्ध्या-एक तासानं. जत्रेतलं खाजं खायचे डोहाळे लागले तर खा की, फक्त दिवसभर एकेक तुकडा चघळत बसू नका, गूळ दाताला चिकटून राहतो. आणि बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं हे खरं नाही.

येताना बाळंतपणाच्या डॉक्टरबाईंकडची फाईल आणि चालू गोळ्या घेऊन या. नुसती पाळी चुकली असेल तरी आधी सांगा. सकाळी मळमळत असेल तर संध्याकाळची वेळ मागा. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपून चक्कर येते, म्हणून उजव्या कमरेखाली उशी देऊन थोडं डाव्या कुशीवर वळवतो, मध्येच उठावंसं वाटलं, बाथरूमला जायचं झालं, तर नुसता हात वर करा, आम्ही थांबतो.