पत्त्यांचे खेळ : ईमेलरूपांतर

समोरासमोर बसून खेळायच्या पत्त्यांच्या खेळांचे नियम ईमेलवरून डाव चालावा म्हणून बदलून घेणे. पत्राने बुद्धिबळ खेळण्याची रीत याहून पुष्कळ जुनी; पण तिथे पट दोघांसमोर उघडा असतो. पत्त्यांत हात झाकलेला असल्याने खरी अडचण पिसण्या-वाटण्याची आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात त्याआधी रंगांच्या नावांचा प्रश्न येतो. सतरंजीवर पान दिसते, पत्रात नुसते नाव जाते. बदाम व चौकट ही नावे आकारावरून पडली. ‘इस्पिक’ कोणी पोर्तुगीज ‘एस्पादा’ (तलवार) या शब्दाशी जोडतात, कोणी इंग्रजी ‘स्पेड’शी, गोव्याचा शेजार पाहता पहिले मत टिकण्याजोगे आहे. ‘किलवर’ मात्र पोर्तुगीज नसावा, कारण त्या भाषेत या रंगाचे नाव ‘पाउश’ (सोटे) आहे. डच ‘क्लाव्हर’ अधिक जवळचा वाटतो, आणि घाटाखाली वेंगुर्ल्यास १७व्या शतकात डचांची वखार होतीच. पण डच लोक इस्पिकला ‘स्खोपन’ म्हणतात. तेव्हा चारही नावे एका गलबतातून उतरली नाहीत हे उघड आहे. कन्नडमध्ये ‘इस्पीट’ म्हणजे पत्त्यांचा अख्खा खेळही. दोन्ही भाषांचे भिडू असतील तर इ, कि, ब, चौ ही अक्षरे आधीच ठरवून घेतलेली बरी.

वाटपाचा सोपा मार्ग म्हणजे न खेळणाऱ्या एकाने पाने वाटून ज्याचा हात त्याला कळवणे. हे काम संगणकावर सोपवले तर एक खोच उरते. ५२ पाने चौघांत १३-१३ वाटण्याचे प्रकार सुमारे ५.३६ गुणिले १०चा २८वा घात इतके आहेत. पण संगणक ज्या आकड्यापासून पिसायला सुरुवात करतो तो बीजांक ३२ बिटांचा असेल, तर त्यातून त्यांपैकी जेमतेम ४२९ कोटी निघू शकतात. तिऱ्हाइताशिवाय वाटप करण्याची युक्ती शमीर, रिव्हेस्ट व एडलमन या संकेतलेखनाच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडली. प्रत्येक खेळाडू प्रत्येक पानाला आपले सांकेतिक कुलूप लावतो, आणि ही कुलपे कोणत्याही क्रमाने उघडता येतात. काटेकोर गणिती अर्थाने असे वाटप अशक्य आहे, हेही त्यांनीच दाखवले. व्यवहारात कुलूप फोडण्याची मेहनत कोणाला परवडत नाही, एवढ्यावर सारे चालते.

मेंढीकोटात १३ हात, म्हणजे पानागणिक एक पत्र धरल्यास डावाला ५२ पत्रे. म्हणून ‘किलवर उतारी आली तर दुरी’ अशा जर-तर सूचना आगाऊ घेतात. कट हुकमात मात्र पहिली काट होईपर्यंत त्या घेऊ नयेत, कारण हुकूम तिथेच ठरतो. बदाम सातमध्ये पान असताना ‘पास’ म्हणणारा शेवटी वाटपाच्या नोंदीवरून पकडला जातो. पालथ्या पानांची थाप पकडायच्या चॅलेंजमध्ये कोण आधी ओरडला याला अर्थ उरत नाही; मुदत ठरवून बसण्याच्या क्रमाने हक्क द्यावा लागतो.

भुवयांच्या खुणा आपोआप बंद होतात, फोन मात्र राहतो. एका घरातले दोघे एकमेकांचे भिडू नसावेत, एवढाच त्यावर नियम करता येतो.