किकच्या वेगाला ठिणगी: जुन्या मोटारसायकलला मॅग्नेटो ठेवावा की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं?

प्लग काढायचा, कॅपमध्ये खोचून सिलिंडर हेडला टेकवायचा, किक मारायची आणि निळी ठिणगी दिसली की निकाल द्यायचा, "करंट आहे, कार्बोरेटर बघा." नाशिकला द्वारका चौकापासून सातपूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात ही तपासणी चालते आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत ती सर्रास फसते. कार्बोरेटर तीनदा साफ होतो, गाडी तरीही सुरू होत नाही. मग वैतागून मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीविना स्वतःच ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र, काढून टाकायचा आणि इलेक्ट्रॉनिक बसवायचं, असं ठरतं. मुळात तपासणीच अपुरी होती, हे लक्षात येत नाही.

ठिणगीला किती व्होल्ट लागतात हे दोन टोकांमधलं अंतर आणि मधल्या वायूची घनता यांवर ठरतं. पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 साली मांडलेला हा नियम आहे. 0.6 मिमी फट असलेल्या प्लगला उघड्या हवेत अडीच-तीन हजार व्होल्ट पुरतात. त्याच प्लगला सिलिंडरमध्ये, पिस्टनने मिश्रण दाबून घट्ट केल्यावर, आठ ते दहा हजार लागतात. म्हणजे बाहेर छान दिसणारी ठिणगी आत पडेलच याची खात्री नाही. खरी तपासणी करायची तर वायरचं टोक इंजिनच्या धातूपासून 5 मिमी लांब धरा, अर्थात चांगल्या इन्सुलेशनच्या पकडीने. किकच्या वेगाला एवढं अंतर न चुकता ओलांडलं गेलं, तर इग्निशनवर संशय घेऊ नका.

आता आपल्या गाडीत नेमकं काय आहे ते बघा, कारण बोलताना सगळ्यालाच 'मॅग्नेट' म्हणायची सवय आहे. महायुद्धातल्या बीएसए एम-20 किंवा मॅचलेस जी-3-एलवर खरा मॅग्नेटो आहे. राजदूत 175 आणि जुन्या स्कूटरवर फ्लायव्हील मॅग्नेटो आहे. पॉइंटवाली बुलेट, जावा आणि राजदूत 350 यांच्यावर मात्र मॅग्नेटो नाहीच. तिथे बॅटरी, कॉइल (व्होल्ट वाढवणारी गुंडाळी) आणि पॉइंट (प्रवाह जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच) आहेत. ही अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांची पद्धत, 1910 च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत आलेली. उच्च व्होल्टचा मॅग्नेटो तिच्याआधीचा. 1902 साली बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी तो तयार केला.

दोन्हींतला फरक एका वाक्यात सांगता येतो: मॅग्नेटो वेगाचा भुकेला, कॉइल वेळेची भुकेली. मॅग्नेटोमध्ये चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये आर्मेचर, म्हणजे गुंडाळी असलेला भाग, फिरतं आणि फॅरेडेच्या नियमाने गुंडाळीत वीज उपजते. जितकं जोरात फिराल तितके व्होल्ट जास्त. फोर स्ट्रोक गाडीत मॅग्नेटो इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो. किकने इंजिन मिनिटाला अंदाजे तीनशे फेऱ्यांच्या वेगाने फिरलं, तर मॅग्नेटो दीडशेच्या. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे, ऑइल घट्ट झालेलं असताना, तेवढेही मिळत नाहीत. कॉइलचं उलट असतं. पॉइंट बंद, म्हणजे एकमेकांना टेकलेले, असेपर्यंत बॅटरी तिच्यात प्रवाह भरत राहते, त्यामुळे कमी वेगाला ती पूर्ण भरते आणि वेग वाढला की भरायला वेळ अपुरा पडतो.

ठिणगी जन्मते कशी, हा भाग दोन्हींत सारखा आहे आणि सगळ्या यंत्रणेतला सर्वांत सुंदर तोच. प्रायमरी गुंडाळीत जाड तारेचे थोडे वेढे, सेकंडरीत केसासारख्या तारेचे हजारो. पॉइंट बंद असताना प्रायमरीत प्रवाह वाहतो. पॉइंट उघडले की तो थांबायला हवा, पण गुंडाळीतला प्रवाह असा लगेच थांबत नाही. नळाची तोटी झटकन बंद केली की पाण्याच्या वेगाने पाइप धडकतो, तसं इथे होतं. उघडण्याच्या पहिल्या क्षणी पॉइंटमधली फट केसाहूनही अरुंद असते आणि प्रवाह तिथूनच उडी मारायला बघतो. तशी उडी पडली तर सगळी ऊर्जा पॉइंट जाळण्यात जाते. म्हणून पॉइंटला समांतर कंडेन्सर जोडलेला असतो. प्रवाह फटीतून उडण्याऐवजी कंडेन्सरमध्ये शिरतो आणि पॉइंटला पुरेसं लांब जायला सवड मिळते.

किती सवड? प्रायमरीचा इंडक्टन्स 5 मिलिहेन्री आणि कंडेन्सर 0.2 मायक्रोफॅरड धरा. दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून दीडपटीहून किंचित जास्त केलं की 50 मायक्रोसेकंद येतात. तेवढ्या वेळात कंडेन्सर शिगेला भरतो. प्रवाह दीड अँपिअर असेल तर त्या क्षणी प्रायमरीवर दोनशे ते अडीचशे व्होल्ट उभे राहतात, आणि सेकंडरीचे वेढे पन्नासपट असतील तर तिथे दहा-बारा हजार. इंजिनची गरज आठ-दहा हजारांची होती. हातात उरतं ते इतकंच. 'मोठा कंडेन्सर, मोठी ठिणगी' हा समजही याच हिशेबात कोसळतो. कंडेन्सर दहापट केला तर व्होल्ट जवळपास एक तृतीयांशावर येतात आणि गाडी सुरूच होत नाही.

जुन्या मॅग्नेटोचं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं. ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या मॅग्नेटोत कंडेन्सर आर्मेचरच्या आत बसवलेला आहे. वयोमानाने त्याच्या थरांमध्ये ओल शिरते आणि तो गळायला लागतो. गुंडाळीवरचं शेलॅकही उष्णतेने मऊ पडतं. लक्षण ठरलेलं आहे. नाशिकहून सप्तशृंगी गडाकडे निघालात, गाडी सुरेख चालली, नांदुरीला चहाला थांबलात आणि मग किकांवर किका मारूनही दाद नाही. अर्ध्या तासाने इंजिन निवलं की पहिल्या किकला सुरू. ही नजर लागल्याची खूण नव्हे आणि हँडलला लिंबू-मिरची बांधून कंडेन्सरची गळती थांबत नाही. मल्टिमीटरवर कपॅसिटी बरोबर दिसू शकते, कारण त्याची बॅटरी जेमतेम 9 व्होल्टची. गळती पकडायला 250 किंवा 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लागतो.

दुरुस्ती होते, फक्त योग्य हातांत द्यायला हवी. अंबड-सातपूरला मोटर रिवाइंडिंगचे उत्तम कारागीर आहेत, पण मॅग्नेटोची सेकंडरी ही वेगळी विद्या आहे. तिथे बारीक तारेचे हजारो वेढे, प्रत्येक थरात इन्सुलेशन आणि शेवटी निर्वात करून रेझिन भरणं, हे सगळं लागतं. नुसतं वार्निशमध्ये बुडवलेलं आर्मेचर काही महिन्यांत पुन्हा निकामी होतं. आर्मेचर उघडलंच आहे तर बेअरिंग, कार्बन ब्रश, स्लिप रिंग आणि अर्थ ब्रश त्याच वेळी बघा. चुंबक पुन्हा भारून घ्या. पॉइंटची फट 0.30 मिमी ठेवा. एवढं नीट झालं की असा मॅग्नेटो अनेक वर्षं बॅटरीविना चालतो, आणि हे त्याचं मोल मला फार मोठं वाटतं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन पॉइंटच्या जागी सेन्सर आणि ट्रान्झिस्टर आणतं. स्विच इतक्या झटक्यात उघडतो की फटीत जळण्याचा प्रश्नच उरत नाही. पॉइंट उघडणारी फायबरची टाच झिजून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे सरकणंही संपतं. किक हळू बसली तरी कॉइल पूर्ण भरते. फायदे खरे आहेत. मात्र ताकद वाढते, मायलेज दीडपट होतं, या जाहिराती खोट्या. टायमिंग आधीच बरोबर असलेल्या इंजिनला ते फक्त बरोबर *ठेवतं*.

त्याची किंमत बॅटरीने मोजायची असते. जुना 6 व्होल्टचा डायनॅमो 40 ते 60 वॉटचा. हेडलाइटच 30 खातो. उरलेल्यात इग्निशन चालवायचं तर रात्री कसारा घाट उतरताना बॅटरी रिकामी होत जाते. व्होल्टेज पडलं की काही ॲनालॉग बॉक्स टायमिंग आपोआप पुढे करतात आणि किक उलटी बसते. घोटा मोडू शकतो. एम-20 सारख्या मॅगडायनोवाल्या (मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र असलेल्या) गाडीत आणखी एक अडचण आहे. डायनॅमोला गती मॅग्नेटोच्या शाफ्टवरूनच मिळते. मॅग्नेटो उचलून फेकला तर चार्जिंगही गेलं.

म्हणून खरा मॅग्नेटो असेल तर तो दुरुस्त करून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. बुलेट, जावा आणि राजदूत 350 रोज चालवायची असेल, 12 व्होल्टचं चार्जिंग सुस्थितीत असेल, तर इलेक्ट्रॉनिक जरूर बसवा. राजदूत 350 ला तर विशेष फायदा, कारण तिथे दोन सिलिंडरचे दोन पॉइंट एकमेकांशी जुळवत बसावं लागतं.

बसवताना तीन चुका महाग पडतात. पहिली, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारं जुनं वजनांचं ॲडव्हान्स युनिट तसंच ठेवणं. बॉक्स स्वतः ॲडव्हान्स देत असेल तर दोन्ही मिळून टायमिंग अति पुढे जातं आणि पिस्टनला भोक पडतं. ते युनिट काढा किंवा किटच्या सूचनेप्रमाणे पक्कं अडकवा. दुसरी, कॉइलची गल्लत. सीडीआयची (कंडेन्सरमध्ये साठवलेली वीज एकदम सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीची) कॉइल एक ओहमच्या आसपास किंवा कमी, तर बॅटरी पद्धतीची तीन ते पाच. सीडीआयची कॉइल साध्या ट्रान्झिस्टर बॉक्सला लावली तर बॉक्स जळतो. तिसरी, रेझिस्टर नसलेली प्लग कॅप. 5 किलोओहमची कॅप नसेल तर ठिणगीचा विद्युत गोंगाट सेन्सरच्या तारेत शिरतो आणि कारण न सापडणारं मिसिंग सुरू होतं. टायमिंग स्ट्रोब लाइटने, इंजिन चालू ठेवून आणि ॲडव्हान्स पूर्ण झालेल्या वेगालाच तपासा. पॉइंटवाल्या बुलेटला चालणारी पद्धत, म्हणजे टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या जागेच्या) 0.8 मिमी आधी सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमधून सुटतो का ते बघणं, इथे उपयोगाची नाही.

काढलेली पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि ॲडव्हान्स युनिट तेलाच्या कापडात गुंडाळून, आतल्या खुणा आणि तारांचा फोटो काढून जपून ठेवा. इगतपुरीच्या पावसात बॉक्स बंद पडला तर रस्त्याच्या कडेला तो उघडून दुरुस्त करता येत नाही; पॉइंट मात्र पान्याने आणि फीलर गेजने पंधरा मिनिटांत परत बसतात.