खुलासा: यूयूआयडी लावली की डेटाबेस रखडतो?

आंब्याच्या हिशेबाची ॲप्स बनवणाऱ्या कोकणातल्या पोरांत एक समज घट्ट बसलाय: प्रायमरी की (टेबलातल्या प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) म्हणजे ऑटो-इन्क्रिमेंट, म्हणजे आपोआप एकेकाने वाढणारा, आकडाच; यूयूआयडी (कुठल्याही यंत्राने बनवली तरी दुसरीशी जवळपास कधीच न जुळणारी लांब ओळख) लावलीत की डेटाबेस रखडला. हे अर्धंच खरं आहे.

यूयूआयडी १६ बाइटची, बिगइंट (मोठा पूर्णांक) ८ बाइटचा, म्हणजे फरक दुपटीचाच. बोंब होते ती ३६ अक्षरांचा मजकूर म्हणून साठवल्यावर, आणि तो दोष साठवणाऱ्याचा.

दुसरं दुखणं मात्र खरं. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवणाऱ्या इंजिनात ओळी प्रायमरी कीच्या क्रमानेच लागतात. चौथ्या आवृत्तीची यूयूआयडी रँडम, त्यामुळे नवी ओळ कुठेही मध्येच घुसते आणि भरलेलं पान (ओळी साठवायचा ठोकळा) फुटून दोन होतात. शिवाय प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये (इतर रकान्यांवरून शोधायच्या सूचीत) तीच की पुन्हा. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ओळी कीच्या क्रमाने लागत नाहीत, म्हणून झळ बरीचशी इंडेक्सपुरती. पण सातव्या आवृत्तीत (इंटरनेटचं मानक आरएफसी ९५६२, मे २०२४) पहिले ४८ बिट मिलिसेकंदातली वेळ असते, म्हणून नव्या नोंदी शेवटाकडेच जातात. पोस्टग्रेस १८ मध्ये ती आयती मिळते.

आता देवगडची एखादी बाग घ्या. रेंज नाही, दोन फोनवर पेट्यांची नोंद चाललीय. आकडा सर्व्हर देणार असेल तर दोघेही खोळंबले. फोनने दिला तर दोन्हीकडे ५०१. संध्याकाळी सिंक करताना कुणाची पेटी कुणाच्या नावावर? इथे यूयूआयडीच हवी.

सगळ्या ओळी एकाच सर्व्हरवर पडत असतील तर साधा आकडा बरा. फक्त इंट (साधा पूर्णांक) २,१४,७४,८३,६४७ ला संपतो, बिगइंट घ्या. आणि बागायतदाराचा मोबाइल नंबर की म्हणून नकोच. त्याने नंबर बदलला की सगळ्या टेबलांत हात घालत बसाल.