स्टीलचा थर्मास महाग का झाला? अँटी डम्पिंग ड्युटीबद्दल आमच्या ग्राहकांसाठी थोडं

नमस्कार. सांगलीतल्या आपल्या भांड्याच्या दुकानात हल्ली काउंटरवर एकच विचारणा असते, मागच्या खेपेला हाच थर्मास नेलेला तेव्हा एवढ्याला नव्हता की, आता काय सोनं लावलंय काय त्याला. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगणं गर्दीत जमत नाही म्हणून हा कागद पिशवीत टाकतोय, सवडीनं वाचा.

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारनं चीनमधनं येणाऱ्या स्टीलच्या व्हॅक्यूम थर्मासवर अँटी डम्पिंग ड्युटी, म्हणजे पडेल भावात येणाऱ्या परदेशी मालावरचा जादा आयात कर, लावली, टनाला १,७३२ डॉलर, पाच वर्षांसाठी. आकडा ऐकून छातीत धडकी भरते पण आम्ही सरळ बाटली काट्यावर ठेवून हिशोब केला. अर्धा लिटरची बाटली झाकणासकट ३०० ग्रॅमच्या आसपास भरते, डॉलर ८७ रुपये धरला तर ड्युटी पडते किलोला साधारण १५० रुपये, म्हणजे त्या बाटलीला ४५ रुपये. लिटरची बाटली अर्धा किलोची असली तर ७५. त्यावर जीएसटी आणि मधल्या लोकांचं मार्जिन थोडं चढतं, तरी अर्धा लिटरच्या बाटलीमागं कोण दीडशे-दोनशे वाढवून "ड्युटी लागली हो" म्हणत असेल तर त्याला हा कागद दाखवा. आणि एक गंमत बघा, ड्युटी वजनावर आहे किमतीवर नाही, त्यामुळं अडीचशेची बाटली काय आणि नऊशेची काय, वजन सारखं असलं की ४५ च. मार बसलाय तो स्वस्त मालाला.

आता डम्पिंग म्हणजे नेमकं काय. माल स्वस्त आहे म्हणजे डम्पिंग झालं असं नाही, हा गैरसमज लय आहे. परदेशातली कंपनी तिच्या देशात बाटली ४०० ला विकते आणि आपल्याकडं ३०० ला पाठवते, तर तो १०० चा फरक म्हणजे डम्पिंग. ज्याचा खर्चच कमी आहे आणि जो घरी पण ३०० लाच विकतो त्याला या कायद्यात हात लावता येत नाही. चीनच्या बाबतीत वाद इथंच होतो कारण तिथल्या बाजारातला भाव आपलं सरकार बहुतेक वेळा खरा धरत नाही, दुसऱ्या देशातला भाव नाहीतर खर्चावर नफा लावून काढलेला भाव धरतात.

आणि नुसतं डम्पिंग सिद्ध होऊन भागत नाही. इथल्या कारखान्यांचं नुकसान झालंय आणि ते याच मालामुळं झालंय, हे पण दाखवावं लागतं. तक्रार कारखानदारांनीच करायची, आणि तक्रारीच्या पाठीशी असलेल्यांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या निदान २५ टक्के पाहिजे, म्हणजे एकट्यादुकट्या लहान वर्कशॉपवाल्याला ते झेपत नाही. चौकशी दिल्लीत डीजीटीआर म्हणजे व्यापार उपाय महासंचालनालय करतं, साधारण वर्ष जातं, लांबली तर दीड. त्यांनी फक्त शिफारस करायची, ड्युटी लावायची का नाही ते अर्थ मंत्रालय ठरवतं, आणि मंत्रालयानं शिफारस बाजूला ठेवली असं पण बऱ्याचदा झालंय. वर आपल्याकडं नियम असा की डम्पिंगचा फरक १०० निघाला पण कारखान्याचं नुकसान ६० नं भरून निघत असेल तर ड्युटी ६० च लावायची. कायदा जुनाच आहे, १९७५ चा कस्टम्स टॅरिफ कायदा, कलम ९ए, आणि जागतिक व्यापार संघटनेला पण हे चालतं.

तासगाव, पलूसकडचे ग्राहक लगेच बेदाण्याचं काढतात. चिनी बेदाणा दुसऱ्याच देशाच्या नावानं आत येतो अशी बागायतदारांची तक्रार आहे, ती रास्तच आहे, पण ते प्रकरण वेगळं, तिथं माल कुठला ते लपवून ड्युटी चुकवल्याचा आरोप आहे. त्याला कस्टमनं पकडायला पाहिजे, अँटी डम्पिंगची चौकशी त्यावरचं औषध नाही.

आमचं मत विचाराल तर ड्युटी पाहिजे होती, इथं थर्मासच्या मशिनी बसवायच्या आणि समोरून पडेल भावात माल आला तर कोण बसवणार. पण ज्या भारतीय कंपनीला एक रुपया ड्युटी नाही तिनं पण संधी साधून भाव वाढवला तर ते आम्हाला पटत नाही, अशा वेळी आम्ही कंपनीच्या माणसाला तोंडावर बोलतो, ऐकतो किती हा भाग वेगळा. त्याच सुमारास चीनच्या ॲल्युमिनियम फॉइलवर पण सहा महिन्यांची तात्पुरती ड्युटी लागली होती, टनाला ८७३ डॉलरपर्यंत. चपात्या गुंडाळायच्या रोलला ते किरकोळच, पण केटरिंगवाल्यांना पेट्या लागतात त्यांना कळलं असणार.

खरेदी करताना एवढं बघा. पॅकिंगवर माल कुठल्या देशातला ते आणि आयात केलेला असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला पाहिजे, नसेल तर घेऊ नका, आमच्याकडं दिसला तरी परत करा. आयएसआय मार्क क्वालिटीचा असतो, त्याचा ड्युटीशी संबंध नाही. छापील एमआरपीच्या वर पैसे देऊ नका. आमच्याकडं जुना स्टॉक शिल्लक आहे तोवर जुन्याच भावात मिळेल, रंग मात्र निवडून मिळणार नाहीत. आणि भाव उतरायची वाट बघत बसू नका, सरकारनं मधेच उठवली नाही तर ड्युटी मार्च २०३० पर्यंत आहे, त्याआधी फेरतपासणी लागली तर मुदत परत वाढू पण शकते.

कुपवाड, मिरज एमआयडीसीतल्या कंपन्यांना दिवाळी गिफ्टसाठी एकगठ्ठा माल लागतो, त्यांनी आधी कळवा. भारतीय आणि चिनी दोन्ही नमुने ऑफिसला आणून दाखवू, भाव वेगवेगळे लिहून देऊ, दिलेला भाव पंधरा दिवस धरू, कारण डॉलर हलला की आयात मालाचा भाव पण हलतो.