फाईल चालवण्याची परवानगी: पात्रता, अटी आणि कुठल्याही युनिक्सवर चालणारी तपासणी

लिनक्सवर लिहिलेली स्क्रिप्ट मॅकवर किंवा फ्रीबीएसडीवर नेली की `फाइंड . -पर्म /१११` या ओळीचा भरवसा संपतो. फाइंड ही फाईली शोधणारी आज्ञा, आणि ही ओळ कोणालाही चालवता येण्याचा बिट (एक्स बिट) लावलेल्या फाईली शोधते. तिरक्या रेघेची ही पद्धत जीएनयूची, म्हणजे लिनक्सवर सहसा असणाऱ्या आज्ञासंचाची. आधी जीएनयूतही `+१११` लिहायचे. मॅक आणि फ्रीबीएसडीच्या फाइंडला ते चालतं, पण जीएनयूने ते कालबाह्य ठरवून पुढे काढूनच टाकलं, त्यामुळे आजच्या लिनक्सवर तीच ओळ अवैध मोड म्हणून परत येते. पॉझिक्स, म्हणजे सगळ्या युनिक्ससाठीच्या सामायिक मानकात या दोन्ही पद्धती नाहीत.

ओळ बदलण्याआधी आपल्याला नक्की काय विचारायचंय ते ठरवा. फाईलवर कोणासाठी तरी एक्स बिट लावलाय का, हा एक प्रश्न. ही फाईल मला आत्ता चालवता येईल का, हा दुसरा. सातबाऱ्यावर नाव असणं आणि जमिनीचा ताबा असणं यांत जेवढं अंतर, तेवढंच इथे आहे. बहुतेक स्क्रिप्टमध्ये पहिल्याचं उत्तर घेऊन ते दुसऱ्याचं म्हणून वापरलेलं दिसतं.

कोण पात्र

परवानगी देण्याचा किंवा काढण्याचा, म्हणजे चमॉड करण्याचा हक्क फाईलच्या मालकाला आणि रूट या सर्वाधिकारी खात्याला. गटातल्या माणसाला त्या फाईलमध्ये लिहिता येत असलं, तरी तिचे बिट बदलता येत नाहीत.

चालवण्याची पात्रता कर्नल (प्रणालीचा गाभा) ठरलेल्या क्रमाने पाहतो: तुम्ही मालक आहात का, नसाल तर गटात आहात का, तेही नसेल तर तुम्ही इतर. जो वर्ग आधी जुळला, त्याच्याच बिटांवर निकाल लागतो, पुढचे पाहिले जात नाहीत. म्हणून ६५५ मोडची (मालकाला वाचणं-लिहिणं, गटाला आणि इतरांना वाचणं-चालवणं) फाईल गटाला आणि इतरांना चालवता येते, पण खुद्द मालकाला नाही! ऐकायला विचित्र वाटतं, पण नियम तोच आहे.

रूटचं वेगळं. लिनक्सवर तिघांपैकी एकाचा जरी एक्स बिट असला तरी रूटला होकार मिळतो. मानकाने तर एकही बिट नसताना रूटला होकार देण्याची मुभा ठेवली आहे, फक्त नव्या प्रणालींनी तसं करू नये असं सुचवलंय. त्यामुळे सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, केलेली तपासणी सर्व्हिसच्या खात्यासाठी ग्राह्य धरू नका. ज्या खात्याने फाईल चालणार, त्याच खात्याने तपासा.

सोबत काय लागतं

कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमला एक्स पुरतो. स्क्रिप्टला आर म्हणजे वाचण्याची परवानगीही लागते, कारण ती इंटरप्रिटरला (स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) उघडून वाचावी लागते. वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवरही एक्स हवा. तिथे त्याचा अर्थ चालवणं नसून आत जाता येणं असा होतो.

पहिल्या ओळीत दिलेला इंटरप्रिटर त्या मशीनवर खरोखर असायला हवा. फ्रीबीएसडीवर बॅश हा शेल मूळ प्रणालीत येत नाही. पॅकेजमधून घातला तर तो `/यूएसआर/लोकल/बिन` मध्ये बसतो, `/बिन/बॅश` वर सापडत नाही. आणि डिस्क `नोएक्झेक` (फाईली चालवायला मनाई) लावून माउंट केली असेल, तर ७५५ असूनही फाईल चालत नाही.

तपासणीची पद्धत

बिट लावलाय का एवढंच हवं असेल तर:

`फाइंड . -टाइप एफ \( -पर्म -१०० -ओ -पर्म -०१० -ओ -पर्म -००१ \) -प्रिंट`

लांबलचक आहे, पण मानकातली आहे. आकड्याआधीच्या उणे चिन्हाचा अर्थ ‘निदान एवढे बिट तरी हवेत’. तीन तुकडे टाळायला `-पर्म -१११` लिहिलंत तर तिन्ही बिट लागतील आणि ७०० मोडच्या फाईली गळतील.

मला चालवता येईल का, हे मात्र शेलच्या टेस्ट आज्ञेलाच विचारा (चौकटी कंस हे तिचंच रूप):

`[ -एफ "$फाईल" ] && [ -एक्स "$फाईल" ]`

`-एफ` गाळू नका, कारण डिरेक्टरीवरही `-एक्स` खरं ठरतं. शोध आणि हा प्रश्न एकत्र हवे असतील तर फाइंडमध्ये `-एक्झेक टेस्ट -एक्स {} \; -प्रिंट` जोडा. जीएनयूचा `-एक्झिक्युटेबल` हेच काम झटपट करतो, पण २००८ च्या मानकात तो नाही.

एलएस या आज्ञेने दाखवलेल्या फाईलींच्या यादीत एक्स अक्षर शोधणं सोडून द्या. सेटयूआयडी असलेल्या, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या, फाईलवर त्या जागी लहान एस दिसतो आणि त्याखाली एक्स असतोच. मोठा एस दिसला तर एक्स नसतो. यादीत मोडच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं तर एसीएल (ठरावीक खात्यांसाठी जादा परवानग्यांची यादी) लावलेली आहे, आणि लिनक्सवर तेव्हा गटाच्या जागी दिसणारे बिट म्हणजे एसीएलचा मास्क, म्हणजे त्या परवानग्यांची कमाल मर्यादा असते.

नकार आला तर

शेलने परत दिलेला निकालाचा आकडा १२६ आला तर फाईल सापडली पण चालवता आली नाही, १२७ आला तर सापडलीच नाही. फाईल समोर दिसतेय, एक्सही आहे, तरी ‘सापडली नाही’ असा संदेश येत असेल तर पहिली ओळ तपासा. विंडोजवर जतन केलेल्या स्क्रिप्टमध्ये तिच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटलेलं असतं आणि ते धरून झालेल्या नावाचा इंटरप्रिटर कुठेच नसतो.

तपासणी आणि चालवणं यांच्या मधल्या क्षणात कोणीतरी बिट बदलू शकतं, हेही लक्षात असू द्या. पुढच्याच ओळीत फाईल चालवायची असेल, तर आधीची तपासणी गाळून ती सरळ चालवा आणि १२६ आला तर तिथेच हाताळा.