घरच्या तेलावर चालणारं मुख्यालय : मँचेस्टरच्या ‘वन एंजल स्क्वेअर’मागचा इतिहास

मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनापासून पायी काही मिनिटांवर काचेची एक पंधरा मजली इमारत आहे. उकडलेलं अंडं सुरीने तिरकं कापावं तसा तिचा माथा एका बाजूला उतरत गेलाय, म्हणून तिला ‘कापलेलं अंडं’ असंही म्हणतात. नाव वन एंजल स्क्वेअर. ब्रिटनच्या को-ऑपरेटिव्ह ग्रुप या सहकारी समूहाचं, म्हणजे तिथल्या ‘को-ऑप’चं हे मुख्यालय. २०१३ च्या सुरुवातीला ते बांधून झालं आणि नोव्हेंबरात राणी एलिझाबेथच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पर्यावरणपूरक बांधकामाच्या ‘ब्रीॲम’ या ब्रिटिश मानांकनात त्याला ९५ टक्क्यांहून अधिक गुण पडले. इतक्या मोठ्या इमारतीला तोवर एवढे गुण मिळाले नव्हते.

या जागेला मोठा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात इंधनापासूनच होते. जवळच मिलर स्ट्रीटवर १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड आर्कराइटने शहरातली पहिली सूतगिरणी उभी केली. पाणचक्की फिरवायला नदी हाताशी नव्हती. त्यावर तोड म्हणून वाफेच्या इंजिनाने खालच्या टाकीतलं पाणी वर चढवायचं आणि तेच पाणी पुन्हा चाकावर सोडायचं, असा द्राविडी प्राणायाम चालायचा. पुढे वाफ थेट यंत्रांना जोडली गेली आणि मँचेस्टरात धुराड्यांचं रान माजलं. १८५४ नंतर मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हा त्यांची यंत्रं याच मुलखातून, मँचेस्टरशेजारच्या ओल्डहॅममधूनही, बोटीने आली. गिरणगावाचं हे आजोळच म्हणायचं.

गिरण्यांभोवती वस्ती झाली तिचं नाव एंजल मेडो, म्हणजे देवदूतांचं कुरण. नावात तेवढं कुरण उरलं. एकाच खोलीत दोन-दोन कुटुंबं, कित्येक जण तर जमिनीखालच्या ओलसर तळघरांत. बापाच्या सूत कंपनीत काम करायला आलेला तरुण फ्रेडरिक एंगल्स, म्हणजे कार्ल मार्क्सचा पुढचा साथीदार, याच गल्ल्यांतून हिंडला आणि १८४५ मध्ये त्याने इथल्या हलाखीचं वर्णन छापलं. शेजारच्या दफनभूमीत हजारो गोरगरीब पुरले गेलेत. नव्या मुख्यालयाचा पाया घालण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या पद्धतीने रीतसर उत्खनन झालं, तेव्हा त्या कामगारवस्तीच्या विटा आणि तळघरं वर आली.

याच काळात इथून जवळ असलेल्या रॉचडेल गावात २८ जणांनी आठवड्याला दोन-दोन पेन्स बाजूला टाकून माणशी एक पौंड साठवला. त्या २८ पौंडांच्या भांडवलावर २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी टोड लेनवर त्यांचं दुकान उघडलं. माल काय, तर लोणी, साखर, मैदा, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. गॅस कंपनीने पुरवठा नाकारल्यामुळे दुकानात उजेडही मेणबत्तीचाच होता, असं सांगतात. भेसळ नाही, मापात पाप नाही आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांत वाटायचा, हे त्यांचे नियम. आपल्याकडचा १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा असो की १९५० चा प्रवरानगरचा साखर कारखाना, सहकाराच्या तत्त्वांची चर्चा निघाली की रॉचडेलचं नाव येतंच.

अशा दुकानांना घाऊक माल पुरवण्यासाठी १८६३ मध्ये एक मध्यवर्ती संस्था निघाली आणि तिने मँचेस्टरच्या बलून स्ट्रीटवर बस्तान बसवलं. तीच आजच्या को-ऑपची पूर्वज. पुढच्या शंभर वर्षांत आसपासच्या गल्ल्यांत गोदामं, बँक, विमा कचेरी असा सहकाराचा अख्खा मोहल्ला उभा राहिला. १९६२ मध्ये विमा शाखेने ११८ मीटर उंचीचा मनोरा बांधला. त्याच्या बिनखिडक्यांच्या भिंतीवर लाखो बारीक मोझॅकचे तुकडे चिकटवले होते. ते काही महिन्यांतच गळू लागले. हा ताप चाळीस वर्षं सहन केल्यावर २००५ च्या सुमाराला त्या भिंतीवर सात हजारांहून अधिक सौर पत्रे बसवले. गळक्या भिंतीला ठिगळ लावायचंच होतं, ते वीज देणारं लावलं. ‘हरित’ म्हणून मिरवल्या गेलेल्या कित्येक मोठ्या योजनांपेक्षा मला हा व्यवहारी शहाणपणा जास्त भावतो.

१९९६ च्या जूनमध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेने जवळच्या कॉर्पोरेशन स्ट्रीटवर सुमारे दीड टनाचा बॉम्ब उडवला. जीवितहानी टळली, पण शहराचा मध्यभाग नव्याने बांधावा लागला आणि पडीक पट्ट्यांकडे पाहायची नजरही बदलली. को-ऑपच्या मालकीची इथली सुमारे २० एकर जागा ‘नोमा’ या नावाने विकसित करायचं ठरलं आणि पहिला मान मुख्यालयाला मिळाला. विखुरलेल्या जुन्या कचेऱ्यांतली तीनेक हजार माणसं एका छताखाली आणायची होती. आराखडा कोपनहेगनच्या ‘थ्री-एक्स-एन’ या वास्तुरचनाकार संस्थेने केला.

आतली योजना आपल्या माणसाला परकी वाटणार नाही. शेजारच्या बागेतून हवा आत घेतात आणि जमिनीखालच्या तीन काँक्रीटच्या बोगद्यांतून फिरवतात. जमिनीच्या पोटात उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब असते, हे धान्याचं पेव किंवा वाड्याचं तळघर पाहिलेल्याला सांगायला नको. वर छताचं काँक्रीट मुद्दाम उघडं ठेवलंय, फॉल्स सीलिंग नाही. दिवसभर माणसं आणि संगणक जी उष्णता सोडतात ती हे जाड छत मातीच्या भिंतीसारखी पिऊन घेतं. बाहेर काचेची दुहेरी भिंत आहे. दोन भिंतींमधली हवा हिवाळ्यात कोंडून ठेवली की इमारतीला गोधडी मिळते, आणि उन्हाळ्यात माथ्याच्या झडपा उघडल्या की गरम हवा वरच्या वर निघून जाते.

खरी गंमत मात्र इंजिनाची. वीज आणि उष्णता एकदम देणारं हे यंत्र रेपसीडच्या, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या तेलबियांच्या तेलावर चालवायचं ठरलं. त्या बिया को-ऑपच्याच शेतात पिकणार होत्या, चोथा जनावरांना जाणार होता. वाया जाणाऱ्या उष्णतेवर गारवा तयार करायचा आणि उरलेली वीज ग्रिडला द्यायची. उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटवून वीज विकणारा आपला सहकारी कारखाना ज्याने पाहिलाय, त्याला हे गणित चटकन कळेल. शेत आपलं, इंधन आपलं, कचेरी आपली.

यातलं ‘आपलं’ भराभर सुटत गेलं. इमारत पुरी होत असतानाच ती १४.२ कोटी पौंडांना गुंतवणूकदारांना विकून परत भाड्याने घेण्याचा व्यवहार झाला. पुढे २०१३ च्या मध्यात को-ऑपच्या सहकारी बँकेच्या भांडवलात दीड अब्ज पौंडांचं भगदाड उघड झालं. त्यात २००९ मध्ये सामील करून घेतलेल्या ब्रिटानिया या गृहकर्ज देणाऱ्या सोसायटीच्या बुडीत कर्जांचा मोठा वाटा होता. २०१३ मध्ये समूहाला अडीच अब्ज पौंडांचा तोटा झाला. राणी फीत कापायला आली ती या धामधुमीत. २०१४ मध्ये शेतीही गेली. १८९६ पासून जमवलेली सुमारे ४० हजार एकरांची शेती वेलकम ट्रस्ट या धर्मादाय संस्थेने २४.९ कोटी पौंडांना घेतली. ज्या शेतांच्या भरवशावर इंजिनाचं गणित मांडलं होतं, ती उद्घाटनाला वर्ष व्हायच्या आत दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर गेली. जमिनीखालच्या बोगद्यांना आणि जाड छताला या खरेदीखताशी काही देणंघेणं नव्हतं.