खालची कवळी का हलते?

वरची कवळी छान बसली, खालची मात्र काही केल्या बसत नाही, ही तक्रार दंतवैद्यांना नवी नाही. दोन्ही कवळ्या एकाच हाताने, तेवढ्याच काळजीने केलेल्या असतात. तरी खालची बोलताना उचलली जाते, जेवताना सरकते आणि हिरडीला टोचते. मग ती डबीत पडून राहते आणि चावावे लागेल असे सगळेच पदार्थ हळूहळू सुटतात. वय झाले की असेच व्हायचे, असे समजून माणसे गप्प बसतात. आज तसे बसायचे काही कारण नाही.

वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार मिळतो. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो, कडांमधून हवा आत शिरत नाही, म्हणून ती चिकटून राहते. खाली टाळूच नाही. तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराची, हाडावरच्या हिरडीची अरुंद पट्टी काय ती असते. आतून जीभ ढकलते, बाहेरून गाल आणि ओठ.

शिवाय ही पट्टीही झिजत जाते. दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते, मधल्या बारीक तंतूंनी ते धरून ठेवलेले असते. चावताना या तंतूंतून हाडाला ताण मिळतो आणि त्या ताणावरच हाड टिकते. दात गेला की शरीर ते हाड शोषून घेऊ लागते. पहिल्या वर्षी वेग सर्वाधिक असतो, नंतर तो मंदावतो, पण झीज थांबत नाही. टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचा 25 वर्षांपर्यंत एक्स-रे काढून पाठपुरावा केला. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. म्हणजे सुरुवातीला घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते तेव्हा कवळी तीच असते, जबडा बदललेला असतो. अशा वेळी नवी कवळी करण्याआधी जुनीला आतून अस्तर भरून चालेल का, हे जरूर विचारावे. याला रिलायनिंग म्हणतात.

खरा बदल घडवला तो टायटॅनियमने. 1952 मध्ये स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोग संपल्यावर निघेचना. हाड त्याच्याशी एकजीव झाले होते. टायटॅनियमवर आपोआप ऑक्साइडचा थर तयार होतो आणि शरीर तो परका मानत नाही. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाचे काम करणारा टायटॅनियमचा स्क्रू, बसवले.

खालच्या कवळीसाठी अशी फक्त दोन इम्प्लांट पुरतात, हे अजूनही अनेकांना माहीत नसते. 2002 मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर हाच पहिला पर्याय मानावा, असे मत दिले. ती सुळ्यांच्या जागी बसवतात, कारण तिथले हाड बहुधा चांगले असते आणि जबड्यातली मोठी नस मागेच राहते. इम्प्लांटचे डोके हिरडीच्या किंचित वर असते आणि कवळीच्या आत त्या जागी नायलॉनची चकती. कवळी दाबली की टिचबटणासारखी टक्कन बसते, ओढली की निघते. चकती झिजते, पण ती बदलायला फार वेळ लागत नाही. तोंडात दोन चांगली मुळे उरली असतील तर हेच काम तीही करू शकतात. रूट कॅनाल करून ती हिरडीलगत कापतात आणि वर कवळी बसवतात. भोवतीचे हाडही टिकते. म्हणून ‘उरलेलेही काढून टाका’ असे म्हणण्याआधी थोडे थांबावे.

कायमचे बसवलेले दात हवे असतील तर पूर्ण जबड्याला चार इम्प्लांटही पुरू शकतात. पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत मागची दोन तिरकी बसवतात, त्यामुळे हाड भरण्याची गरज अनेकदा टळते. मात्र हे दात घरी काढता येत नाहीत आणि त्यांच्याखाली रोज बारकाईने सफाई करावी लागते. हात थरथरत असतील तर काढता येणारी कवळीच बरी, असे माझे मत आहे.

काहीच दात गेले असतील तर कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची ओतीव पार्शल (फक्त गेलेल्या दातांपुरती) कवळी पातळ आणि मजबूत असते, शिवाय चावण्याचा भार उरलेल्या दातांवर घेते. लवचिक नायलॉनची कवळी दिसायला छान, पण तिचा भार बहुतांशी हिरडीवरच पडतो.

नुसते वय इम्प्लांटच्या आड येत नाही. धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह, जबड्यावर झालेले रेडिएशन आणि हाडांच्या ठिसूळपणावरची काही औषधे मात्र येऊ शकतात. हे सगळे आधीच सांगावे.

कवळी कोणतीही असो, काढता येत असेल तर रात्री काढून पाण्यात ठेवावी. उकळते पाणी वापरू नये, कवळीचे अ‍ॅक्रिलिक (प्लास्टिक) वाकडे होते. चोवीस तास घातलेल्या कवळीखाली बुरशी वाढून टाळू लाल होऊ शकतो. दात नसले तरी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावे. कवळीने झालेली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती कवळीचीच आहे असे गृहीत न धरता कर्करोगाची शंका दूर करून घ्यावी.